गाव सुरतेला गेलं

गेल्या मे महिन्यात मी पोराला गाव दाखवायला घेऊन गेलो. पोरगं बारा वर्षांचं, सुरतेच्या दिंडोलीतच जन्मलेलं. गाव म्हणजे लग्नपत्रिकेत आडनावापुढे कंसात छापतात ती जागा, एवढीच त्याची समजूत. म्हटलं, आपलं बालपण कुठं गेलं ते याला एकदा दाखवून ठेवावं. उधना स्टेशनावरून रात्रीची गाडी धरली, पहाटे अमळनेरला उतरलो आणि रिक्षा करून बोरीकाठच्या आमच्या गावात पोचलो.

आमच्या गल्लीत सात घरं. त्यांतल्या सहांना कुलूप. सातव्याला कुलूप नव्हतं, कारण दारच नव्हतं. चुलतभावाच्या कडीला असलेलं कुलूप इतकं गंजलं होतं की किल्ली सापडली तरी त्यानं ओळख दिली नसती. मी भावाला फोन लावला.

"मी तुझ्या दारात उभा आहे."

"मग बेल वाजाड ना! चहा ठेवाले सांगस."

"कुलूप आहे रे."

"आरे, पण तू कथा शे?"

"गावाला."

पलीकडे शांतता. मग तो बायकोला काहीतरी म्हणाला, ती हसली. "आरे येड्या, आम्ही तं बठ्ठा दिंडोलीले शेतस! तू तठे काय करी राह्यना?"

भाऊ दिंडोलीत माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर राहतो. त्याला भेटायला मी अडीचशे किलोमीटर गेलो होतो. पोरानं फक्त एवढंच विचारलं, "पप्पा, मग परत कधी निघायचं?"

म्हणून "माझं गाव आता पूर्वीचं राहिलं नाही" असं सुस्कारा टाकून म्हणायची सोय मला नाही. माझी गावं दोन. एक अमळनेर तालुक्यातलं, सुट्टीचं. दुसरं दिंडोली, रोजचं. मी शाळेत जात होतो, परीक्षा देत होतो, नापास होत होतो, तेवढ्या काळात या दोघांनी माझ्या पाठीमागे जागांची अदलाबदल केली.

मी पाच-सहा वर्षांचा होतो तेव्हाची, म्हणजे १९८८-८९ची दिंडोली म्हणजे भाताच्या आणि उसाच्या शेतांत मांडी घालून बसलेलं खाऊनपिऊन सुखी गाव. कोळी पटेलांचं फळियुं, म्हणजे आळी, बाजूला तळं, तळ्यात म्हशी, म्हशींवर बगळे. माणसं शहरात निघाली की "हुरत जाउं छुं" म्हणून सांगून जात. सुरती माणूस 'स'चा 'ह' करतो आणि स्वतःच्या शहरालाही त्यातून सवलत देत नाही. हुरत तेव्हा लांब होती. मग ती रोज थोडी थोडी जवळ येत गेली. आधी शेतात खांब, मग खांबांवर तारा, मग तारांखाली प्लॉट. पुढे एक दिवस ती सरळ चपलांसकट घरात शिरली.

आमची दहा बाय दहाची खोली फळियात होती. घरमालकाच्या आईला सगळे 'बा' म्हणत. बा दिवसभर ओटल्यावरच्या हिंचक्यात बसून असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करी. पहिल्याच आठवड्यात तिनं माझ्या आईला विचारलं, "नवरी छे?" आई मला कडेवर घेऊन उभी. ती लाजून म्हणाली, "नवरी कसली, पोरगं झालं की." गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी, हाताला काम नसलेली. बाला वाटलं, बिचारीला पोरामुळे सवड नसेल. दुसऱ्या दिवशी तिनं घरातला पुरुष कुठं म्हणून विचारलं. आई म्हणाली, "नवरा कामाला गेला." संध्याकाळपर्यंत साऱ्या फळियात झालं की या मराठी बाईचं काही खरं नाही, तिच्याकडे नवरो कामाला जातो.

मला मात्र या घोटाळ्याचा फायदाच झाला. गणिताचा पेपर देऊन मी शाळेतून आलो आणि बानं विचारलं, "जम्यो?" म्हणजे जेवलास का. मी मान खाली घालून म्हटलं, "नाही जमलं." तिनं मला आत नेऊन खिचडी-कढी वाढली. त्यानंतर माझं गणित बरीच वर्षं जमलं नाही.

आजी गावाहून आली की दोघी म्हाताऱ्या ओटल्यावर तासन्तास बोलत. आजीला अहिराणीशिवाय काही येत नव्हतं आणि बाला सुरतीशिवाय. पण बा 'छे' म्हणे, आजी 'शे' म्हणे. बा 'पोयरो' म्हणे, आजी 'पोऱ्या' म्हणे. माझ्या कानाला फरक एवढाच वाटे की एकीच्या तोंडात दात आहेत आणि दुसरीच्या नाहीत. त्या कशाबद्दल बोलत ते मला कळत असे, कारण अधूनमधून दोघी एकदम माझ्या आईकडे पाहत.

बाबा लूमच्या खात्यात होते. खातं म्हणजे सुरतेच्या भाषेत कापडाचा कारखाना. बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारे संचे, तुटला धागा की जोड, संपली बॉबिन की बदल. घरी आल्यावरही बाबा सगळ्यांशी ओरडून बोलत आणि आम्हाला वाटे की रागावलेत. पण गावी आजोबा अभिमानानं सांगत, "पोऱ्या सुरतेले खात्यात शे." गावानं समजून घेतलं की पाटबंधारे खातं असणार. आजोबांनी हा गैरसमज दोन वर्षं लाडानं सांभाळला. एकानं तर सुट्टीत आलेल्या बाबांच्या हातात पाटाच्या पाण्याचा अर्ज दिला. बाबांना नाही म्हणायची सवय नव्हती, त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. नंतर त्याचं काहीच केलं नाही. त्यामुळे ते खात्यातलेच आहेत याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

सुट्टीत गावी जायचं ते ताप्ती लाईननं. चलथाण, बारडोली, व्यारा, उकाई-सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा ही नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. रूळ तेव्हा एकेरी होते. समोरून कुणीही आलं, अगदी मालगाडी आली तरी आमची पॅसेंजर बाजूला सरून अदबीनं उभी राही. एवढ्या वेळात लोक शेतात उतरत, भांडणं पुरी करीत आणि सोयरिकी जुळवीत.

खरी मजा नवापूरची. हे स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत, आणि हद्द फलाटावरच्या एका बाकाच्या मधून जाते. १९६० साली दोन राज्यं वेगळी झाली तेव्हा वाटणी करणाऱ्यानं बाकसुद्धा सोडला नाही. आमच्याकडच्या भाऊबंदकीत याहून बारीक वाटणी मी एकदाच पाहिली आहे, ती पाट्या-वरवंट्याची. गाडी नवापूरला थांबली की डब्यातले काही कर्ते पुरुष "पाय मोकळे करून येतो" म्हणून महाराष्ट्राच्या बाजूला उतरत. गुजरातेत दारूबंदी. पाय मोकळे करून आलेली ही मंडळी नंदुरबारपर्यंत जीभही मोकळी करीत, आणि दोंडाईच्याला गाढ झोपत. आमचे एक काका तर दरवर्षी झोपेत अमळनेर ओलांडून धरणगावला उतरत. पुढे पुढे घरच्यांनी त्यांच्यासाठी बैलगाडी धरणगावलाच पाठवायला सुरुवात केली.

गावात आमचा थाट काही और होता. आम्ही 'सुरतवाले'. बाबा खात्यातून एकाच छापाचा ताका स्वस्तात मिळवून आणत. त्यातून काकूचं लुगडं शक्य नव्हतं, पण बाकी सगळं शक्य होतं: आम्हा पाच भावंडांचे शर्ट, बहिणींचे फ्रॉक, उशांचे अभ्रे, खिडकीचा पडदा आणि उरलेल्यात रेडिओचं कव्हर. १९९१च्या एका लग्नातला फोटो घरी आहे. त्यात मी नक्की आहे असं आई सांगते. मला अजून सापडलेलो नाही. पडद्याच्या डाव्या बाजूला जो पडदा आहे तो मी असावा.

गावातली पोरं मला सुरतेचं विचारत. त्यांनी चौथीच्या इतिहासात सुरत वाचलेली. शिवाजी महाराजांनी ती १६६४ला लुटली, पुन्हा १६७०ला लुटली. एकानं गंभीरपणे विचारलं, "मग आता काही उरलं आहे का तिथं?" मी माझ्या शर्टाकडे पाहिलं आणि गप्प बसलो.

हाच इतिहास सुरतेत बसून शिकणं जरा अवघड होतं. मी मराठी शाळेत होतो. सुरत महापालिकेच्या शाळा गुजराती, हिंदी, मराठी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा कितीतरी भाषांत चालतात. स्नेहसंमेलनात गुरुजींनी नाटुकलं बसवलं. मी मावळा होतो. खाकी पुठ्ठ्याची ढाल, बाच्याच घरातून मागून आणलेलं पागोटं. बा पहिल्या रांगेत बसून सगळं बघत होती. घरी आल्यावर तिनं विचारलं, "हुं करतो 'तो त्यां?"

"सुरत लुटत होतो."

तिनं हिंचका थांबवला. मला जवळ घेतलं आणि हळूच विचारलं, "केम, तारा बापने पगार नथी मलतो?"

मग १९९४चा सप्टेंबर आला. मी अकरा वर्षांचा. सुरतेत प्लेग आला म्हणून बोंब झाली आणि दोन-चार दिवसांत लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं पळाली. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. तोंडाला रुमाल बांधून आम्ही ताप्ती लाईनच्या डब्यात शिरलो. शिरलो म्हणजे मागच्यांनी भरलं. त्या दिवशी नवापूरला पाय मोकळे करायला कुणी उतरलं नाही. उतरलं असतं तर पाय पुन्हा ठेवायला डब्यात जागा नव्हती.

एरवी आम्ही आलो की सगळी गल्ली पिशव्या उचलायला धावे. या वेळी गावाच्या शिवेवर एक दूरचे काका काठी घेऊन उभे होते. सुरतेहून आलेल्या माणसाला "काय आणलं?" असं कुणी विचारलं नाही, असं माझ्या आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. काय आणलं असेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्हाला शेतातल्या झोपडीत ठेवलं. भाकरी बांधावर ठेवायची, हाळी द्यायची, आणि ठेवणारा पन्नास पावलं मागं गेला की आम्ही उचलायची. काका रोज लांबूनच ओरडून आमच्या काखा तपासायला सांगत. आम्ही पोरं काखेत चिंच दाबून "गाठ शे, गाठ शे!" म्हणून ओरडलो तेव्हा काका जे पळाले ते थेट देवळात.

आजी मात्र तिसऱ्या दिवशी पासोडी घेऊन झोपडीतच राहायला आली. "माले आते काय व्हई?" म्हणाली. आम्हाला दिलेल्या गोळ्यांतली एक तिनं ताकाबरोबर घेतली आणि गोळीला मीठ कमी आहे म्हणाली.

पुढच्या वर्षी एस. आर. राव नावाचे आयुक्त सुरतेला आले. त्यांनी शहर असं झाडून काढलं की थोड्याच वर्षांत देशातल्या स्वच्छ शहरांत सुरतेचं नाव घेऊ लागले. २०२३च्या सर्वेक्षणात तर सुरत इंदूरच्या जोडीनं पहिली आली. रावसाहेबांनी अतिक्रमणं पाडली, उकिरडे उचलले, हॉटेलांच्या मोऱ्या तपासल्या, हे सगळ्यांनी लिहून ठेवलं आहे. त्याचा आमच्या दहा बाय दहाच्या खोलीवर काय परिणाम झाला हे मात्र कुणी लिहिलेलं नाही. गावाला कळलं की सुरत आता धोक्याची नाही. ज्या गावानं आम्हाला बांधावर जेवायला घातलं त्यातले नऊ जण दोन वर्षांत आमच्या खोलीत झोपायला होते. पहिले आले ते काठीवाले काका. काठी गावीच ठेवून आले होते.

त्यांना खात्यात चिकटवलं. मग त्यांचे दोन मुलगे, मग मेहुणे, मग मेहुण्यांचे साडू. दिवसपाळीचे निघाले की त्यांच्या गोधडीत रातपाळीचे शिरत, त्यामुळे आमच्याकडची गोधडी कधी गार झालीच नाही. महापालिकेची हद्द २००६ साली ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६वर गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी केवढं कौतुक केलं. आमच्या खोलीनं याहून मोठी मजल हद्द न वाढवता मारली होती.

यात आम्ही काही फार वेगळं केलं असं नाही. अमळनेरातून १९४५ साली निघालेली वनस्पती तुपाची कंपनी विप्रो होऊन बंगळूरला गेली. तिला कुणी विचारत नाही की गाव का सोडलं. आणि पाणी तर आमच्या कितीतरी आधी गेलं. आमची बोरी तापीला मिळते, तापी सुरतेला जाते. वाटेत उकाईला १९७२ साली धरण झालं, तिथं थोडी थांबते. आम्ही नवापूरला थांबत होतो, एवढाच फरक.

आजची दिंडोली बघा. भाताची शेतं गेली आणि सोसायट्या आल्या. निम्म्या साईबाबांच्या, निम्म्या गजानन महाराजांच्या. चौकात शेवभाजीच्या गाड्या. हिवाळ्यात भरताची पांढरट-हिरवी वांगी थेट जळगावाकडून येतात आणि गच्चीगच्चीवर भाजली जातात. शेजारच्या बिहारी भाड्यानं राहणाऱ्यांना आधी वाटे की आग लागली. आता ते ताट घेऊन येतात. तळ्याला कठडा आणि फिरायची वाट झाली आहे. म्हशी गेल्या, पण छठपूजेला काठावर इतकी माणसं असतात की पाणी दिसत नाही. उन्हाळ्यात गल्लीत खाटांवर बिबडे वाळत असतात आणि मोटारसायकलवाले त्यांना मंत्र्याच्या गाडीसारखी वाट देतात.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खान्देशी देवी कानबाई बसते. पूर्वी रोटांसाठी आम्ही गावी जायचो, कारण रोट भाऊबंदांनी एकत्र खायचे असतात. आता भाऊबंद सगळे इथंच, म्हणून कानबाईच सुरतेला बसते आणि गावात उरलेले चार म्हातारे जीप करून येतात. सोमवारी वाजतगाजत तापीवर विसर्जन. काठीवाले काका आता ऐंशीच्या घरात आहेत. मिरवणुकीत पुढे नाचणाऱ्यांना ते काठीनं मागं सारतात. नवी काठी, स्टेनलेस स्टीलची, सुरतेची.

आणि तिकडे गाव? गावात मी आणि पोरगं स्टँडवर चहा प्यायला गेलो. टपरीवर पाटी होती: 'सुरती लोचो'. लोचो हा खमण बिघडल्यामुळे जन्माला आलेला पदार्थ, असं सुरतेत सांगतात. मराठीत तर त्याचं नावच कबुलीजबाब आहे. मी मालकाला अहिराणीत म्हटलं, "भो, दोन प्लेट दे." त्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि गुजरातीत विचारलं, "बटर नाखुं?" तो दहा वर्षं सुरतेत वराछाला होता. पाठदुखीमुळे परत आला. गावात अहिराणी बोलायला आता कुणी नसल्यानं जीभ गंजली म्हणाला.

गावच्या निवडणुकासुद्धा इथंच होतात म्हटलं तरी चालेल. मतदान तिकडे, पण प्रचार दिंडोलीत. मागच्या वेळी सरपंचपदाचा उमेदवार आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सभा घेऊन गेला. मतदानाच्या दिवशी बस, जाताना नाश्ता, येताना जेवण, सगळं वचननाम्यात. शेवटी त्यानं हात जोडून विचारलं, "गावासाठी काय काय करायचं ते सांगा." बराच वेळ कुणी बोलेना. मग मागून एकजण म्हणाला, "आमच्या गल्लीतली गटार तुंबली आहे." उमेदवारानं वहीत लिहून घेतलं. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही, उमेदवारालाही नाही. तो स्वतः शेजारच्या नवागामला राहतो आणि त्याचीही तुंबली होती.

मे महिन्यातली आमची सहल त्याच रात्री आटोपली. परतीला उधन्याला उतरलो तेव्हा उजाडत होतं. पोरगं म्हणालं, "पप्पा, तुमचं बालपण तर राहिलंच." म्हटलं, चल, जाता जाता दाखवतो, आणि रिक्षा जुन्या फळियाच्या तोंडाशी सोडली.

बा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. दोन्ही बाजूंना चार-चार मजले चढले आहेत, पण मधे तेवढं कौलारू घर आणि ओटला तसाच आहे. हिंचक्यात बाचा नातू बसला होता. मी मावळा झालो तेव्हा हा पाळण्यात होता. आता खोल्यांची भाडी वसूल करतो आणि दिवसभर खान्देशी भाडेकरूंत वावरतो. हातातल्या बॅगा पाहून तो ओरडला,

"काय भो, कथाइन येस?"

"गावथून," मी म्हटलं.

"आठेच तं शे गाव!" तो हसला आणि हिंचक्यावर सरकून जागा केली. "नवरा शे का? बस."

पोरानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं नेमकं कुठल्या भाषेत विचारलं याचा मी क्षणभर विचार केला. दोन्ही भाषांत उत्तर एकच होतं. मी बॅगा खाली ठेवल्या आणि म्हटलं, "छे."